कौलाचं काहीतरी बघा

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून पावसाळा आला की मराठी माणसाला लेख होतो. इतरांना सर्दी होते तसा. आम्ही कोकणात राहतो, त्यामुळे आम्हाला तो पावसावरच होतो. यंदाही मला झाला. चांगला सात पानी. मिरगातच लिहून पाठवला आणि आषाढात परत आला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने तीन शब्द होते : ‘आधी वाचायला शिका.’

लिहायला शिका म्हटलं असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण वाचायला? ते मी पहिलीत शिकलो. तो शेरासुद्धा मी वाचलाच की.

खालच्या वाडीत आमचे जुने मराठीचे मास्तर राहतात. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण झोपाळ्यावर बसून रस्त्यावरच्या माणसाचं शुद्धलेखन तपासायची सवय गेलेली नाही. त्यांच्याकडे गेलो.

“वाचतोस काय काय?”

“गेल्या वर्षी बावन्न पुस्तकं वाचली, मास्तर.”

“आणि बांगडे किती खाल्लेस?”

“मोजले नाहीत.”

“पण काटा लागला की थांबत होतास ना? या बावन्नांत किती वेळा थांबलास?”

मी गप्प. एकदा थांबलो होतो, पण ते वीज गेली म्हणून.

मास्तरांनी मला पुस्तक दिलं नाही. दोन ओळी दिल्या, त्याही शाळेत पाठ केलेल्या : ‘एक तुतारी द्या मज आणुनि, फुंकिन मी जी स्वप्राणाने.’ मी म्हटलं, ही तर पाठच आहे. मास्तर म्हणाले, “हाच तर रोग. पाठ झालं की माणूस वाचायचं सोडतो. ही तुतारी आणणार कोण?”

चाळीस वर्षं ही कविता मला येते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कवी आणणार नाही, हे तर स्पष्टच आहे. ‘द्या मज आणुनि’ म्हणतोय. तुम्ही आणा, मी फुंकतो. केशवसुत मूळचे मालगुंडचे, आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८६६. मी म्हटलं, “मास्तर, म्हणजे आपल्याकडची पद्धत आहे ही. नारळ तुम्ही पाडा, शहाळं मी पितो.” मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “आता ‘आणुनि’ऐवजी ‘आणून’ म्हणून बघ.”

म्हणून बघितलं. काही बिघडलं नाही. मग त्यांनी मला बोटांवर मात्रा मोजायला लावल्या. ‘एक तुतारी’ आठ, ‘द्या मज आणुनि’ आठ. ‘आणून’ केलं की नऊ होतात आणि ओळ दारातल्या पायरीला ठेचकाळल्यासारखी होते. एवढ्या एका ऱ्हस्व उकारावर आख्खी ओळ उभी आहे! माझ्या सात पानांत असे शेकडो उकार होते आणि कशावरही काही उभं नव्हतं.

पुढच्या ओळींतल्या ‘किंकाळी’वर आलो. या तुतारीच्या किंकाळीने कवी सगळी गगनं भेदणार आहे. तुतारी म्हणजे लग्नाकार्यात, मिरवणुकीत वाजणारं मंगल वाद्य. त्याची ललकारी असावी. ललकारी हा शब्द काही केशवसुतांना माहीत नव्हता असं नाही. मग किंकाळी का? मास्तर म्हणाले, “इथे काटा आहे. उद्या ये.” मी दोन दिवस तो काटा घशात घेऊन हिंडलो. नांगरणीच्या मजुरीचे पैसे देताना हिंडलो, एसटीत हिंडलो. तिसऱ्या दिवशी पागोळ्यांखाली पाय धुताना एकदम लक्षात आलं : जिवावर आल्याशिवाय माणूस किंकाळी फोडत नाही, आणि वरच्या ओळीत ‘स्वप्राणाने’ आधीच येऊन बसलेलं आहे. प्राण लावून फुंकलं तर सूर कसा निघेल? किंकाळीच निघणार. तसाच ओल्या पायांनी खालच्या वाडीत गेलो आणि सांगितलं. मास्तरांनी झोपाळा थांबवला. मार्क द्यायची त्यांची तीच पद्धत आहे.

मग त्यांनी माझा लेख मागून घेतला. तिथे चुकलंच.

“‘बाहेर धो धो पाऊस कोसळत होता आणि मन चिंब झाले.’ तू कुठे होतास?”

“पडवीत.”

“मग चिंब कसा झालास?”

“मी नाही, मन.”

“मन बाहेर ठेवलं होतंस?”

“नाही… म्हणजे पाणी येतंच आत. कौल फुटलंय आमचं.”

“हे लेखात कुठे आहे?”

नव्हतं. सात पानांत ‘निसर्गरम्य’ अकरा वेळा होतं, ‘हिरवागार शालू’ चार वेळा होता, पण घरात रोज टपटपणारं ते कौल एकदाही नव्हतं. मास्तर म्हणाले, विशेषणं सगळी झाकून क्रियापदं तेवढी वाच. वाचली. होता, होती, होते, झाले, वाटले. एवढंच. सात पानांत कोणी काही केलेलंच नव्हतं.

क्रियापदांवर त्यांनी एक आख्खी संध्याकाळ घेतली. फुटणं वेगळं, फोडणं वेगळं. तुटणं वेगळं, तोडणं वेगळं. फुटण्याला कोणी करणारा लागत नाही, फोडण्याला लागतो. खरंच आहे. आमच्या घरची कपबशी नेहमी फुटते. शेजाऱ्यांची मुलं ती फोडतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण ही नजर घरी आली की संसार कठीण होतो. बायको म्हणाली, “आज बाजारात तुम्हीच जा.” पूर्वी मी पिशवी घेऊन निघालो असतो. आता मी त्या ‘च’वर थांबलो. ‘तुम्ही जा’ नाही, ‘तुम्हीही जा’ नाही. एका अक्षरात मागच्या सहा महिन्यांचा हिशेब! केवढी काटकसर! मी कौतुकाने तिला हे समजावून सांगत होतो तोवर बाजार उठला. जून-जुलै समुद्रात यांत्रिक होड्या जात नाहीत, तेव्हा ताजं फारसं काही मिळणार नव्हतंच, पण सोडेही, म्हणजे सुकवलेली कोळंबीही, गेले. कुळथाच्या पिठीवर भागवलं. तिने वाढताना ‘घ्या’ म्हटलं. नुसतं ‘घ्या’. त्यावर विचार करायची हिंमत झाली नाही.

आणि ते कौल. ती जूनपासून म्हणत होती, “अहो, त्या कौलाचं काहीतरी बघा.” मी शब्द नीट वाचला. ‘बदला’ असं नाही, ‘बघा’. मी रोज बघत होतो. अगदी नेमाने, चहा घेताना. परवा तिने पुन्हा म्हटलं तेव्हा मी तिला हा क्रियापदाचा मुद्दा सांगितला. ती काही बोलली नाही. आत जाऊन टोप बदलून आली. पहिला भरला होता.

शेवटी मी लेख नव्याने लिहिला. शालू काढला, निसर्गरम्य अकराच्या अकरा काढले. सात पानांच्या सात ओळी राहिल्या. सुरुवात अशी : ‘देवघरावरचं कौल फुटलं. खाली टोप ठेवला. रात्री दोनदा ओतावा लागतो.’ चांगलं झालं होतं. मोठ्याने वाचलं, कुठे ठेच लागली नाही. मास्तर झोपाळा थांबवतील असं वाटलं, म्हणून आधी बायकोला दाखवलं.

तिने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. मग बोट ठेवलं.

“टोप कोणी ठेवला?”

“ते गृहीत आहे.”

“काय गृहीत आहे?”

मी ‘बायकोने’ घातलं. बोट पुढे सरकलं. ‘ओतावा लागतो.’ कोणाला? तिथेही घातलं. आता लेखात माझ्यासाठी फारसं काही उरलं नव्हतं. बोट परत पहिल्या ओळीवर आलं.

“फुटलं?”

“हो. वैशाखात शेजारचा आंबा पडून. सांगितलं होतं की तुला.”

“आंबा पडून फुटलं असतं तर खाली देवघरात आंबा सापडला असता,” ती चष्मा काढत म्हणाली. “मला तुमच्या डाव्या पायाची चप्पल सापडली होती.”

तो आंबा कौलावर अडकलेला होता, पायरी होता, शेजारी मुंबईला गेलेले होते… हे सगळं पुढच्या लेखात येईल. मी ‘फुटलं’ खोडून ‘फोडलं’ केलं आणि आधी ‘मी’ घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती. पडवीच्या खांबाला शिडी टेकवलेली होती आणि पायथ्याशी नवं मंगळुरी कौल. दोन्ही मज आणुनि दिलेलं.