जर्मन स्कोअरिंग असतं

पुण्यात दहावी झालेल्या मुलांना आयुष्यातला पहिला तात्त्विक प्रश्न पडतो तो हा : संस्कृत की जर्मन? दोन्ही स्कोअरिंग. आजोबांचं मत संस्कृतला. शेजारच्या काकूंचं जर्मनला, कारण त्यांचा मुलगा श्टुटगार्टला असतो. शाळेत संस्कृत झालंच होतं म्हणून मी जर्मन घेतलं, 'माझी खोली', 'माझं कुटुंब' आणि 'मित्रास सहलीचं निमंत्रण' एवढं घोकून नव्वदच्या वर मार्क पाडले, आणि शेवटचा पेपर देऊन निघताना सगळं जर्मन परीक्षा केंद्रावरच सोडून आले.

पुढे अमेरिकेत गणितात पीएच.डी. करायला गेले, तर नियमावलीत एक कलम निघालं. फ्रेंच, जर्मन किंवा रशियन यांपैकी एका भाषेतलं गणित वाचता येतं हे सिद्ध केल्याशिवाय पदवी मिळणार नाही. आता बरेच विभाग ही अट काढून टाकू लागलेत. आमचा विभाग त्या बऱ्याच विभागांत नव्हता.

मी ऑफिसात गेले. म्हटलं, "इंग्रजी आहे की मला परकी."

"ती चालत नाही," सेक्रेटरी बाई म्हणाल्या.

"टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची फी भरताना तर चालली होती."

त्या गोड हसल्या आणि फॉर्म पुढे सरकवला. मराठीचं विचारलं, तर त्यांनी मनापासून विचारलं, "मराठीत कुठले शोधनिबंध वाचायचे आहेत तुला?" यावर अस्मिता कितीही जागी झाली तरी निबंधाचं नाव काही सुचेना. भास्कराचार्य आठवले, पण 'लीलावती' संस्कृतात. मग संस्कृतच का नको?

हा मुद्दा घेऊन मी प्राध्यापकांकडे गेले, आणि रिकाम्या हाताने नाही. हेरमान ग्रासमन नावाच्या जर्मन गणितज्ञाने 1844 साली एक ग्रंथ लिहिला. आजचं निम्मं रेषीय बीजगणित त्याच्यात आहे. तो कुणी वाचला नाही. गडी शाळामास्तर होता. पुढे तो संस्कृताकडे वळला, ऋग्वेदाचा कोश रचला, 1876-77 मध्ये सबंध ऋग्वेदाचं जर्मन भाषांतर छापलं, आणि विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती या भाषेच्या कामासाठी. तर सर, माझं म्हणणं असं की संस्कृत ही गणितज्ञाची भाषा आहे.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "छान," ते म्हणाले. "पण तुला ग्रासमन वाचायचा असेल तर?"

फॉर्मवर मी 'जर्मन' लिहिलं.

अभ्यासाला बसल्यावर वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. तीन लिंगांनी अमेरिकन मुलं रडकुंडीला येतात. आपण तो-ती-ते करतच मोठे झालेलो. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी असते यावर वर्गात केवढा गहजब! माझं आजोळ मालवणकडचं, तिथे 'चेडू' नपुंसकलिंगीच. मी आजीकडे सुट्टीला गेले की गल्लीभर 'ता इला' व्हायचं, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शिवाय जर्मन माणूस नकार पुष्कळदा वाक्याच्या शेपटाला लावतो. पाच ओळी प्रमेयाचा थाट मांडायचा, आणि शेवटी बारीक आवाजात 'निश्त'. म्हणजे, हे खरं नाही. शेजारचा अमेरिकन पोरगा दर वेळी फसायचा. मला मात्र 'काम दिवाळीपर्यंत नक्की पूर्ण करून देऊ असं काही मी म्हटलेलं' इथपर्यंत ऐकून 'नव्हतं' ची वाट पाहण्याचा जन्मभराचा सराव.

परीक्षा दोन तासांची, शब्दकोश जवळ ठेवायची मुभा. समोर आला जर्मन गणितज्ञ एमी नोएटर बाईंचा 1921 सालचा लेख. बाई थोरच, पण त्यांच्या काळात 'आयडियल' या बीजगणितातल्या चिजेसाठी जुन्या गॉथिक वळणाची अक्षरं वापरायची पद्धत होती. त्या झेरॉक्समध्ये सगळी एकसारखी दिसत होती आणि प्रत्येकाला शेपूट, तुरा, आकडे. कुठली कुठली हे ठरवण्यातच पहिला अर्धा तास गेला. त्यातून एक वाक्य असं लांबलं की कर्ता एका पानावर आणि क्रियापद पान उलटल्यावर. मधे कुणीतरी कुणालातरी भागत होतं एवढं कळलं. शब्दकोशात शोधायचं तर जर्मन शब्द असे एकमेकांत घुसलेले की नेमका कुठे तोडायचा तेच उमगेना.

पण गणिताचं एक बरं असतं. पुढे काय व्हायला हवं हे आधीच ठाऊक असतं. जिथे वाक्य समजलं नाही तिथे मी भाषांतराच्या भानगडीत न पडता सिद्धता स्वतः करून टाकली. निकाल आला : पास. खाली सरांचा शेरा, 'भाषांतर समाधानकारक. तिसऱ्या परिच्छेदात मूळ लेखाहून जास्त तपशील आढळला.'

आईने ही बातमी सोसायटीभर केली. "आमच्या हिला आता जर्मन येतं," हे वाक्य काकूंपर्यंत पोचलं आणि काकूंनी श्टुटगार्टच्या मुलाला माझ्याशी व्हिडिओ कॉलवर जर्मन बोलायला बसवलं. तो बोलला. मी मान डोलावली. नेटवर्क खराब असल्याचं नंतर मीच जाहीर केलं.

खरी गोची पुढच्या उन्हाळ्यात झाली. एका परिषदेसाठी जर्मनीला गेले होते. सकाळी भुकेने कासावीस होऊन बेकरीत शिरले आणि लक्षात आलं की माझ्याकडे जर्मन वाक्यं दोनच जातीची आहेत. एक 'समजा, क्ष हा अमुक असो'ने सुरू होतं, दुसरं 'असा एक अस्तित्वात आहे की'ने. भूक हा प्रकार नोएटर बाईंनी कुठेच हाताळलेला नाही. मागे रांग वाढत होती. मी काचेतल्या पावाकडे बोट केलं, घसा साफ केला आणि स्वच्छ उच्चारात सांगितलं, "एस एक्सिस्टीर्ट गेनाउ आइन ब्र्योटशेन." म्हणजे, एक आणि एकच पाव अस्तित्वात आहे.

काउंटरवरच्या बाईंनी टोपलीतल्या पाच-पन्नास पावांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं, "बटर लावून देऊ?"