हीटर चालू ठेवून वीज वाचत नाही

सुट्ट्यांचा हंगाम आला की 'केबिनमध्ये राहताना वीज कशी वाचवाल' असा एक संदेश हटकून फिरू लागतो. केबिन म्हणजे थंड ठिकाणी सुट्टीत राहायचं छोटं लाकडी घर. त्यातला सर्वांत लाडका सल्ला असा: दिवसभर भटकायला जाताना हीटर बंद करू नका, कारण गार पडलेली केबिन पुन्हा तापवायला जास्त वीज लागते.

हे साफ चूक आहे. भिंती, छप्पर, दारं-खिडक्यांच्या फटी यांतून उष्णता सतत बाहेर जात असते, आणि आत-बाहेरच्या तापमानात फरक जितका जास्त तितकी ती वेगाने जाते. बाहेर 5 अंश असताना आत 20 अंश राखायचे, तर ही गळती हीटरला दिवसभर भरून काढावी लागते, आत कोणी असो वा नसो. हीटर बंद केला की खोली गार होत जाते आणि गळतीही मंदावते. संध्याकाळी तो दोन-एक तास जोरात चालेल हे खरं, पण त्याला लागणारी वीज दिवसभरात वाचलेल्या विजेपेक्षा कमीच भरते. त्यातून लाकडी केबिन विटा-काँक्रीटच्या घरापेक्षा चटकन तापते, म्हणजे कुडकुडत बसायची पाळीही फार वेळ येत नाही.

अपवाद एकच. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल तर नळ फुटू शकतात. तेव्हा हीटर 5 ते 7 अंशांवर ठेवून जा. 20 वर ठेवायचं कारण तरीही नाही.

असाच आणखी एक समज: 'थर्मोस्टॅट (हीटरचं तापमान ठरवणारी कळ) 30 वर केला की खोली लवकर तापते.' नाही तापत. साधा हीटर 20 ला लावा नाहीतर 30 ला, तापण्याचा वेग तोच. फक्त आपण आकडा खाली आणायला विसरतो आणि मग घाम पुसत खिडकी उघडतो.

आणि हा तिसरा: 'तेलाचा (आत तेल भरलेला विजेचा) हीटर कमी वीज खातो.' दीड हजार वॅटचा कुठलाही साधा हीटर तासाला दीड युनिट घेतो आणि तेवढीच उष्णता देतो. तेलाचा बंद केल्यावरही ऊबदार राहतो, पण सुरुवातीला तापायला वेळ लावतो, त्यात हिशेब फिटतो. खरी बचत हवी असेल तर उलट दिशेने चालून खोली गरम करणारा एसी तिथे आहे का ते बघा. तो एका युनिटमागे साधारण तीन युनिटांइतकी उष्णता आत आणतो.

आता चार्जर. 'मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून काढा, बरीच वीज वाचेल' हे वाक्य संदेशात ठळक अक्षरांत असतं. रिकामा चार्जर 0.2 वॅट घेतो असं धरू. दिवसाचे झाले सुमारे 5 वॅट-तास. दोन हजार वॅटचा हीटर तेवढी वीज नऊ सेकंदांत संपवतो! काढायचा तर काढा, तक्रार नाही.

आंघोळीबद्दल मात्र संदेशात अवाक्षर नाही. शॉवरमधून मिनिटाला 8 लिटर पाणी येत असेल आणि ते 15 अंशांवरून 40 वर न्यायचं असेल, तर दहा मिनिटांच्या आंघोळीला सव्वादोन युनिटांहून जास्त वीज जाते. सहा मिनिटांत आटोपलं तर जवळपास एक युनिट वाचतं. चार्जर काढून तेवढी वीज वाचवायला सहा महिने लागतील.