‘बापाच्या पट्ट्यानंच सरळ झालो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्यात पकडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथल्या, पोरांवर मी लिहिलं, त्याखालची तुमची कमेंट रात्री वाचली आणि लई लागली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं, लहानपणीच्या हालांचा आणि गुन्ह्याचा संबंध जोडणं म्हणजे एसीत बसून चोरांची वकिली करणं, आकडे सगळे अमेरिकेचे, ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांचं काय, सोळा-सतराच्या पोरांना मोठ्यांसारखीच शिक्षा पाहिजे, आणि शेवटी, "आम्ही पण बापाच्या पट्ट्याचा मार खाल्ला, त्यानंच सरळ झालो, एकानंही चोरी केली नाही."

आधी एसीचं. माझे आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. धारूरच्या डोंगरातलं गाव आमचं, दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची, उचल तर कधीच खर्च झालेली असायची, आणि आम्ही भावंडं आजीजवळ. होळीपर्यंत, कधी पाडव्याच्या पुढंही आई दिसायची नाही. एका हंगामाला आम्हालाही सोबत नेलं, फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहिलो, शाळा बुडाली ती बुडालीच. तुम्ही मला ओळखत नाही, मग विचारायचं होतं. माणसाला आधी वकील म्हणून हिणवायचं आणि खाली "राग नसावा" लिहायचं, ही कुठली पद्धत? राग आलाय.

आकडे अमेरिकेचे आहेत, हे मान्य. लहानपणीच्या हालांचा (मारहाण, हेळसांड, घरातलं व्यसन) पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांचा सॅन दिएगोचा अभ्यास, पहिला अहवाल 1998 चा, पुढं 17,000 च्या वर लोक त्यात आले आणि ते बहुतेक शिकलेले, विमा असलेले, मध्यमवर्गीय. बीड-जालन्याला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण अशा शिकल्यासवरल्या लोकांवर जर एवढा परिणाम दिसतो तर सहा-सहा महिने आईबापाविना राहणाऱ्या पोरांवर तो कमी होत असेल, असं कामून धरायचं?

आता तुमचं ते पट्ट्याचं वाक्य. कॅथी विडम या अमेरिकन संशोधक बाईंनी 1989 साली मार खाल्लेल्या, हेळसांड झालेल्या मुलांची तशाच, पण असं काही न भोगलेल्या मुलांशी तुलना केली होती. अल्पवयात अटक झालेली पहिल्या गटात 26 टक्के, दुसऱ्यात 17. म्हणजे मार खाऊनही शंभरातली चौऱ्याहत्तर पोरं पोलिसांच्या हाती लागली नाहीत, तुम्ही त्यातले, मीही त्यातलाच. पण म्हणून मारानं सरळ झालो म्हणता? मारानं तो धोका वाढला, असं तो अभ्यास सांगतो. उलट बाजूनं बघा, फ्लोरिडात 64,329 बालगुन्हेगारांच्या नोंदी तपासल्या तर कसलेच हाल न भोगलेली निघाली जेमतेम 2.8 टक्के. घरात कायम भीती असली की पोराचं अंग झोपेतही सावध राहतं, वर्गात लक्ष लागत नाही, साधा धक्का लागला तरी हात उठतो, मग शाळा सुटते आणि स्टँडवरची मोठी पोरं घरच्यांपेक्षा जवळची वाटायला लागतात.

आणि चोरी नाही केली म्हणजे सगळं निभावलं असं असतं का? सॅन दिएगोच्याच अभ्यासात चार किंवा जास्त प्रकारचे हाल भोगलेल्यांत दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांच्या 4 ते 12 पट निघाला. माझ्या धाकट्या भावानं आयुष्यात कुणाची काडी उचलली नाही. वडील हंगामावरून आले की त्यालाच जास्त मारायचे. आज तो रोज पितो, लेकराच्या अंगावर हात टाकतो, आणि वहिनी मला फोन करून रडते. तुमच्या हिशेबात तो सरळच झालेला आहे ना?

मी तगलो ते आजीमुळं आणि एका गुरुजींमुळं, जे मी शाळेत दिसलो नाही की घरी यायचे. हवाई बेटांतल्या कवाईवर 1955 साली जन्मलेली मुलं एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं पाहिली, वाईट परिस्थितीतली साधारण एक तृतीयांश चांगली निघाली, आणि त्यांच्यामागं बहुतेक वेळा जीव लावणारं कुणीतरी एक मोठं माणूस होतं. तुमच्याही मागं असेल कुणीतरी. सगळं श्रेय पट्ट्याला देऊन त्या माणसाला विसरू नका.

ज्यांच्या घरी चोरी झाली त्यांचा विषय वेगळा आहे, इथं नको. शिक्षेचं म्हणाल तर निर्घृण गुन्हा असेल तर 2015 च्या कायद्यात 16 वर्षांवरच्या पोरावर मोठ्यांसारखा खटला चालवायची सोय आहे, बाल न्याय मंडळ आधी तपासणी करतं.

तुमची कमेंट मी काढणार नाही. पण त्याखाली ज्या पोरानं आपण निरीक्षणगृहात राहून आल्याचं लिहून तुम्हाला नीट उत्तर दिलं, त्याला तुम्ही "तुझ्यासारख्यांना असंच पाहिजे" म्हणालात. तेवढी ओळ आजच्या आज काढा.