तीन जीन्स

आज सकाळी मैत्रिणीच्या भाच्याने फोटो पाठवला. पलंगभर पसरलेलं सामान, शेजारी ६५ लिटरची सॅक, खाली प्रश्न: "काही राहिलंय का?" जायचंय उष्ण कटिबंधात, तीन आठवडे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन. आणि त्या फोटोत तीन जीन्स. तीन!

राहिलं काहीच नाही रे बाबा, काढायचं राहिलंय.

जीन्स कोरडी असतानाच अर्धा-पाऊण किलो भरते. भिजली की विचारूच नका. जाड सुती कापड पाणी पिऊन बसतं आणि बाहेरची हवा आधीच बाष्पाने भरलेली; ते पाणी जाणार कुठे? दोन दिवस दोरीवर लोंबकळेल आणि वर कुबट वास मारेल. पातळ नायलॉनची पँट त्याच दोरीवर बहुतेक रात्रीत वाळते. अंगावरचं धरून दोन पँट, तीन टीशर्ट, आतले चार जोड. बास. तीन आठवडे असोत की तीन महिने, कपडे तेवढेच, कारण धुवायचे रोजच आहेत. धुतलेला टीशर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळायचा, वळकटीवर उभं राहून दाबायचं, मग पंख्याखाली टाकायचा. नुसतं हाताने पिळण्यापेक्षा कितीतरी पाणी निघतं. पॉलिएस्टरला घामाचा वास लवकर लागतो, मान्य. म्हणूनच रोज धुवा म्हणतेय ना!

आणि ते भारीतलं 'श्वास घेणारं' रेनजॅकेट! घामाची वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. तिथे ती फारशी नसते. मग माणूस आतून घामाने भिजतो, बाहेरून पावसाने. वारा नसेल तर घडीची छत्री बरी. सॅकवरच्या रेनकव्हरवरही विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी तिथून झिरपतं. सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात आणि तोंड पिळून दुमडा. इतकं साधं आहे, पण साधं कोणाला पटत नाही.

वॉटरप्रूफ बुटांचंही तेच. पाणी वरून एकदा आत शिरलं की बाहेर यायचं नाव नाही, मग बोटांच्या बेचक्यात बुरशी. जाळीचे हलके बूट घ्या, मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. मांड्या घासतात तिथे निघण्याआधीच व्हॅसलीन लावा, सोलवटल्यावर नुसती आग होते.

डासांसाठी २० ते ३० टक्के डीईईटीचं (डास पळवणारं रसायन, पाकिटावर DEET) मलम. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की हे, उलट नाही. आणि लावलेल्या हाताने चष्मा किंवा घड्याळ धरू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

चिडून लिहितेय खरी, पण त्या पोराचं काही चुकलं नाही. 'लागलं तर?' हे आपणच शिकवतो. फोटोत औषधांचा एक अख्खा डबा होता, वर त्याच्या आईचं अक्षर. तो बघून जरा निवळले. औषधं काढायला सांगणार नाही. फक्त खोकी टाका, पट्ट्या ठेवा, नाव आणि तारीख दिसेल अशा. ओआरएसची पाकिटं उलट वाढवा. आणि सॅक ४० लिटरचीच घ्या, कारण मोठी घेतली की ती भरतेच. भरून, पाण्यासकट, वजनकाट्यावर ८-९ किलोच्या वर गेली की पुन्हा पलंगावर ओता.

हे सगळं त्याला लिहून पाठवलं. तासाभराने उत्तर: "दोन काढल्या. एक ठेवू? डोंगरात थंडी असेल ना?"

असेल. दर हजार मीटरला साधारण सहा अंश उतरतात, दोन हजारांवर रात्री कुडकुडायला होतं. एसी बसमध्ये तर त्याहून. पण त्यासाठी एक पातळ फ्लीसचं (मऊ, उबदार कापडाचं) जॅकेट आणि आतून घालायची लेगिंग पुरते, दोन्ही मिळून त्या जीन्सपेक्षा हलकी.

तिसरीही काढ.