मागे मोठी कंपनी आहे, म्हणून ओपन सोर्स निर्धास्त?

ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "मागे मोठी कंपनी असलेलंच ओपन सोर्स घ्या. पैसा आहे म्हणजे प्रोजेक्ट बंद पडणार नाही. लायसन्स ओपन आहे म्हणजे कंपनीला काही करता येणार नाही. केलंच तर फोर्क आहेच." ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं सॉफ्टवेअर; फोर्क म्हणजे तोच कोड घेऊन दुसऱ्यांनी सुरू केलेला वेगळा प्रोजेक्ट. सल्ल्यातले हे तिन्ही दावे अर्धेच खरे आहेत.

"पैसा आहे म्हणजे बंद पडणार नाही." सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस या फुकट लिनक्सला २०१४ पासून रेड हॅट कंपनीचा आधार होता. सेंटओएस ८ चे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार होते; डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ अखेर थांबणार. लायसन्समधला एक शब्दही बदलला नव्हता. मात्र पैसाच नको म्हणणारेही चुकतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा डेटा सांकेतिक करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही सुरक्षेची त्रुटी उघडकीला आली, तेव्हा त्या प्रोजेक्टला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या जेमतेम २,००० डॉलरच्या. पैसा हवाच, पण तो किती खिशांतून येतो ते बघायचं.

"लायसन्स ओपन आहे." हाती असलेल्या आवृत्तीपुरतं, हो. पुढच्या आवृत्तीचं काय? योगदान देणाऱ्यांकडून कंपनीने सीएलए, म्हणजे त्यांच्या कोडचे हक्क कंपनीला देणारा करार, लिहून घेतला असेल, तर ती लायसन्स बदलू शकते. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे सर्व्हर उभारायचं साधन एमपीएल या खुल्या लायसन्सवरून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर नेलं ते असंच. डेटा मेमरीत ठेवणाऱ्या रेडिस या डेटाबेसचं लायसन्स बीएसडी होतं, म्हणजे मुळातच सैल. मार्च २०२४ मध्ये तेही बदललं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) हे जमणार नाही: लायसन्स जीपीएल, म्हणजे बदललेला कोड वाटला तर तोही खुलाच ठेवायला लावणारं, सीएलए नाही आणि कॉपीराइट हजारो जणांत वाटलेला.

रेडिस फक्त स्वतःच्या ॲपच्या कॅशसाठी (पटकन लागणाऱ्या तात्पुरत्या डेटासाठी) वापरणाऱ्या ठाण्यातल्या कंपनीला या बदलाने फारसा फरक पडला नाही. रबाळ्यात रॅक भाड्याने घेऊन गिऱ्हाइकांना रेडिस सेवा म्हणून विकणाऱ्याची मात्र नव्या लायसन्सच्या ७.४ आवृत्तीवर वाट अडली, कारण त्या लायसन्सने अशा विक्रीवर बंधनं घातली. क्लाउड कंपन्या आपल्या कोडवर धंदा करतात आणि परत काही देत नाहीत, ही रेडिससारख्या कंपन्यांची तक्रार रास्त आहे. पण त्यांना रोखायला टाकलेल्या जाळ्यात छोटा होस्टिंगवालाच आधी अडकतो. ॲमेझॉनकडे स्वतःचे इंजिनिअर बसवायला पैसे आहेत.

"फोर्क आहेच." रेडिसचा फोर्क व्हॅल्की लायसन्स बदलल्यावर आठ दिवसांत जाहीर झाला, कारण मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल उभे राहिले. म्हणजे फोर्कही कंपन्यांच्याच पैशावर. कुणा बड्याचा धंदा अडला नाही, तर फोर्कला वाली मिळणं अवघड. अँड्रॉइडचा कोड खुला असूनही गूगलची ॲप्स हवी असणाऱ्या फोन कंपन्यांना फोर्क न विकण्याच्या करारावर सही करावी लागे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात हे करारही होते.

शिवाय फोर्कवर जायला उशीर महागात पडतो. डॉकर फाइलमध्ये (सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचं चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'लेटेस्ट' टॅग ठेवलेल्यांचं रेडिस नकळत ७.४ वर गेलं. त्या आवृत्तीने लिहिलेली आरडीबी फाइल (डेटाची डिस्कवरची प्रत) १२ व्या फॉरमॅटची, व्हॅल्की ७.२ फक्त ११ पर्यंत ओळखतं आणि सुरूच होत नाही. एकेक नोंद बाहेर काढून दुसरीकडे भरणारं डंप-रिस्टोअरही चालत नाही, कारण त्या डेटातही तोच आकडा असतो. मग प्रत्येक की (नोंद) त्या-त्या प्रकारच्या कमांडने वाचून नव्या सर्व्हरवर लिहायची, टीटीएलसकट, म्हणजे ती किती वेळाने पुसायची त्या मुदतीसकट. म्हणून टॅग नेमक्या आवृत्तीवर बांधा आणि फोर्कचा निर्णय अपग्रेडच्या आधी घ्या.

निवड करताना आधी योगदानाच्या नियमांची फाइल उघडा: तिथे सीएलए आहे, की फक्त 'साइन्ड-ऑफ-बाय' ची ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे अशी योगदान देणाऱ्याची सही? ट्रेडमार्क कंपनीकडे आहे की फाउंडेशनकडे? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये कोअर टीमचे निम्म्याहून जास्त सदस्य एका कंपनीचे नसावेत असा संकेत आहे; २०२० मध्ये एका कंपनीने दुसरी विकत घेतल्यावर तो मोडला, तेव्हा दोन नवे सदस्य घेऊन तोल सांभाळला. शेवटी रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) 'गिट शॉर्टलॉग' ही कमांड चालवा, वर्षभराचे कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) ईमेलच्या डोमेननुसार मोजा. बॉटने आपोआप केलेले वगळा. जीमेलवाल्यांना सरसकट स्वयंसेवक धरू नका. त्यांतले बरेच जण त्याच कंपनीचे पगारी असू शकतात, म्हणून वरच्या दहा जणांची प्रोफाइल स्वतः उघडून बघा.