दोरा काढा म्हणताना कारणही सांगा

एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकात सीईटीच्या काही केंद्रांवर मुलांना जानवं काढायला लावलं. बिदरच्या एका मुलाने नकार दिला, तर त्याला गणिताच्या पेपरलाच बसू दिलं नाही. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाला हा धर्मावरचा घाला वाटला. दुसरा म्हणाला, बरं झालं, जातीची निशाणी गेली. जानवं काढायला लावण्यामागचं कारण काय, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. इथे २००८ पासून पेशंटला हात लावणाऱ्यांनी कोपराखाली काही घालायचं नाही, असा दंडक आहे. घड्याळ नाही, बांगडी नाही, पूजेचा दोरा नाही. साधी लग्नाची अंगठी तेवढी चालते. दोरा एकदा ओला झाला की लवकर वाळत नाही आणि त्याखालची कातडी नीट धुता येत नाही. राखीपौर्णिमेला आमच्याकडची मुलं राख्या सोडून खिशात ठेवतात. कोणाची भावना दुखावल्याचं मी तरी ऐकलं नाही, कारण शेजारच्या सर्जनसाहेबांचं महागडं घड्याळही उतरलेलं असतं. शीख सहकाऱ्याचा कडा दंडाकडे सरकवून घट्ट बसवला की चालतो.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. गळ्यात दिसेल असा क्रॉस घालण्यावरून दोन ख्रिश्चन बायकांना थेट स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयात जावं लागलं. २०१३ च्या निकालात विमान कंपनीतल्या नादिया एवेडा जिंकल्या, नर्स शर्ली चॅप्लिन हरल्या. कंपनीला आपला गणवेश एकसारखा दिसायला हवा होता. रुग्णालयाला साखळी पेशंटच्या हाती लागण्याची, जखमेला टेकण्याची भीती होती. दोघींची श्रद्धा तीच, दागिनाही तोच. मनाई कशासाठी, यावर निकाल फिरला.

हीच कसोटी बिदरला लावा. सदऱ्याखालच्या सुताच्या दोऱ्यातून कोण कसली कॉपी करणार? परीक्षा घेणाऱ्या प्राधिकरणानेही नंतर सांगितलं की जानवं काढायचा नियमच नव्हता. तेव्हा त्या मुलावर अन्याय झाला, यात मला शंका नाही.

पण ग्रुपवर जे सर्वात जास्त चिडले होते, तेच तामिळनाडूच्या बाबतीत गप्प होते. तिथल्या काही शाळांत मनगटावरच्या दोऱ्याच्या रंगावरून मुलाची जात कळते. ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीने २०२४ मध्ये शाळेत असे रंगीत दोरे नकोत, अशी शिफारस केली. त्यावर ‘धर्मात ढवळाढवळ’ ही ओरड झालीच. माझ्या मते समितीचं बरोबर आहे. कोणाला मारायचं हे जो दोरा सांगतो, त्याला वर्गात जागा नाही.

मग जानवंही जातच सांगतं की, असं कोणी म्हणेल. सांगतंच. महाराष्ट्राला हे कोणी शिकवायला नको. राज्याभिषेकाआधी क्षत्रियत्व सिद्ध करायला शिवाजी महाराजांची मुंज झाली ती १६७४ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. पुढे १८९९ मध्ये पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदांतले म्हणजे वेदोक्त नव्हे, तर शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले गेले आणि वेदोक्ताचा वाद पेटला. मुंज कोणाची, का, मुलींची का नाही, यावर घराघरांत भांडण व्हायलाच हवं. आमच्याकडे मुलीच्या मुंजीवरून ते चालूच आहे. पण ते भांडण परीक्षेच्या दारात झडती घेणाऱ्या माणसाने मिटवायचं नाही. त्याच्या हातात काय काढायचं आणि का, याची छापील यादी असावी. त्याबाहेरचं काही उतरवायचं असेल तर आधी केंद्रप्रमुखाची लेखी सही घ्यावी, आणि तोवर मुलाला पेपरला बसू द्यावं.