मंडेला एकदाच गेले, 2013 ला. "विश्व बदललंय" वाल्या व्हिडिओला माझं उत्तर

गेल्या दोन आठवड्यांत तोच व्हिडिओ तीन वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन पडलाय आणि पाठवणाऱ्यांत आमचा मावसभाऊ पण आहे, जो एरवी बँकेचा मेसेज सुद्धा दोनदा तपासतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हणे जगभरातल्या हजारो लोकांना पक्कं आठवतंय की नेल्सन मंडेला 1980 च्या दशकात तुरुंगातच वारले, टीव्हीवर अंत्ययात्रा पण दाखवली होती. पोकेमॉन कार्टूनमधल्या पिवळ्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं आठवतं, पण आता बघाल तर नाहीये. मोनोपोली या पटावरच्या खेळाच्या डब्यावरच्या म्हाताऱ्याला एका डोळ्याची काच आठवते, ती पण गायब. इतके अनोळखी लोक एकसारखे कसे चुकतील? म्हणजे वास्तवच बदललं, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या मशीनने आपल्याला दुसऱ्या विश्वात ढकललं, आणि जुन्या विश्वाचे "अवशेष" अजून अधूनमधून सापडतात. याला मंडेला इफेक्ट म्हणतात, हे नाव फिओना ब्रूम नावाच्या बाईंनी साधारण 2010 च्या सुमारास चालवलं. मागे ते भीतीदायक म्युझिक आहेच.

आधी मंडेलांचंच बघू. माणूस 11 फेब्रुवारी 1990 ला तुरुंगातून सुटला, त्याच वर्षी भारतात येऊन गेला, आपण त्यांना भारतरत्न दिलं, 1994 ला ते दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 5 डिसेंबर 2013 ला गेले. मग टीव्हीवर बघितलेली अंत्ययात्रा कुणाची? तिथल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातला दुसरा मोठा नेता स्टीव्ह बिको 12 सप्टेंबर 1977 ला कोठडीत मारहाणीने मेला, त्याच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी होती, आणि 1987 ला त्याच्यावर हॉलीवूडने सिनेमा काढला जो जगभर दाखवला गेला. पुढच्याच वर्षी मंडेलांना टीबी झाला, तुरुंगातून हॉस्पिटलात हलवल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच 1988 मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाची भलीमोठी कॉन्सर्ट झाली. आता विचार करा, परदेशातला एखादा शाळकरी पोरगा जेवताना अर्धवट टीव्ही बघतोय, आफ्रिकन नेता, तुरुंग, मृत्यू, प्रचंड गर्दी, मग आजारपण, शिवाय ज्याचा फोटो लावलाय पण जो स्वतः हजर नाही अशा माणसासाठी गाणी. वीस वर्षांनी त्याच्या डोक्यात याचं काय मिश्रण उरणार? आणि गंमत बघा, ही आठवण सांगणारे मंडेलांपासून चार हात लांबचे असतात. 27 एप्रिल 1994 ला, तिथे काळ्यांनाही मतदान मिळालेल्या पहिल्या निवडणुकीत, उन्हात तासन्‌तास रांगेत उभं राहून ज्यांनी आयुष्यातलं पहिलं मत दिलं त्यांना जाऊन सांगा की मंडेला आधीच वारले होते, बघा काय उत्तर मिळतं.

दुसरा मुद्दा, जो सगळ्यांना पटतो, की "इतके लोक एकसारखे कसे चुकतील". अहो एकसारखेच चुकणार, डोकं सगळ्यांचं एकाच पद्धतीने चालतं. एक करा, रोमन आकडेवालं घड्याळ कुणाच्या घरी असेल तर ते न बघता त्यातला चार काढा. आय आणि व्ही काढलंत ना? आता उठून बघा. बहुतेक घड्याळांत चार उभ्या रेघा असतात. रोज बघता, तरी चुकलात, आणि शेजाऱ्याला विचारलं तर तोही हेच काढेल, कारण शाळेत चार असाच शिकवलाय आणि मेंदू घड्याळ साठवत नाही, "रोमन आकडे" एवढंच साठवतो आणि बाकीचं ऐनवेळी भरतो. पिकाचूचं तेच, कानाची टोकं काळी आहेत, मग शेपटीचं पण काळंच असेल असं डोकं परस्पर ठरवून टाकतं. म्हातारा, श्रीमंत, उंच टोपी, मिशा, म्हणजे डोळ्याला काच हवीच.

आपल्याकडचं घ्या ना. "अरे ओ सांभा, कितने आदमी थे?" नकला करणारे हेच म्हणतात, लग्नात काका हेच म्हणतात. शोलेत असं वाक्यच नाहीये. कितने आदमी थे हे गब्बर कालियाला विचारतो, सांभाला विचारतो ते इनाम किती रखा है सरकारने. एकाच सीनमधली दोन गाजलेली वाक्यं, लोकांनी एकात एक घातली, कारण सलग म्हणायला तीच बरी वाटतात. यासाठी दुसरं विश्व कशाला लागतंय?

शिकागो विद्यापीठातल्या दोघींनी 2022 ला हे नीट तपासून छापलंय. 40 ओळखीची चित्रं घेतली, प्रत्येकाच्या दोन खोट्या आवृत्त्या केल्या आणि लोकांना खरं कुठलं ते विचारलं. 40 पैकी 7 चित्रांत लोक ठराविक तीच चूक करत होते, आणि आठवून काढायला सांगितलं तरी तीच चूक कागदावर उतरत होती. सातांत पिकाचू आणि मोनोपोलीवाला म्हातारा दोघंही आहेत. आता खरं सांगायचं तर सातही चित्रांना लागू पडेल असं एकच कारण त्यांनाही मिळालं नाही, मी वर सांगितलेलं "डोकं भरून काढतं" काही चित्रांना लागतं, काहींना नाही. पण कारण एक नाही म्हणून थेट विश्व बदललं? गाडी का बंद पडली ते मेकॅनिकला कळेना म्हणून आपण भुतावर नाव घालत नाही. म्हणजे काही जण घालतात, असो.

"पण मला अगदी स्पष्ट आठवतंय, डोळ्यासमोर आहे." याच्यावर जरा थांबतो कारण सगळी गोम इथेच आहे. 4 ऑक्टोबर 1992 ला ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान थेट इमारतीत घुसलं. घुसतानाचं शूटिंग कुणाकडेच नव्हतं, टीव्हीवर फक्त नंतरची आग दाखवली. काही महिन्यांनी संशोधकांनी लोकांना विचारलं, विमान आदळतानाचं शूटिंग टीव्हीवर बघितलंत का, तर निम्म्याहून जास्त हो म्हणाले. जे शूटिंग अस्तित्वातच नाही ते! दुसरं उदाहरण 28 जानेवारी 1986 चं, अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं तेव्हाचं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठे होतास, कुणी सांगितलं. अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना परत विचारलं तर 11 जणांचं एकही उत्तर जुळलं नाही, आणि बहुतेकांना खात्री मात्र पुरेपूर. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी नवीन आठवण सोडेनात. म्हणजे आठवण किती लख्ख आहे याचा ती खरी असण्याशी फार संबंध नसतो.

अवशेष म्हणजे काय तर जुन्या पेपरात, कुणाच्या टी-शर्टवर, कुठल्या तरी मुलाखतीत तीच "जुनी" गोष्ट सापडते. अहो पेपर काढणारा पण माणूसच, तोही तसाच चुकला. कधी कधी मात्र दोन्ही आठवणी खऱ्या असतात हां. शोलेचा शेवट घ्या, काहींना ठाकूर गब्बरला ठार मारतो असं आठवतं आणि काहींना पोलीस येऊन थांबवतात असं. दोघंही बरोबर, कारण मूळ शेवट सेन्सॉरने आणीबाणीत बदलायला लावला आणि नंतर व्हिडिओवर जुना शेवटही फिरला. वास्तव बदलणारी शक्ती होती खरी, पण ती मुंबईच्या सेन्सॉर ऑफिसात बसली होती.

सर्नबद्दल फार लिहीत नाही. ते मशीन पहिल्यांदा 10 सप्टेंबर 2008 ला चालू केलं, आपले चॅनलवाले महाप्रलय महाप्रलय ओरडत होते, आणि नऊ दिवसांत त्यातला हेलियम गळून ते बंद पडलं ते थेट 2009 च्या नोव्हेंबरात परत चालू. त्याहून कितीतरी जास्त ऊर्जेचे कण अंतराळातून अब्जावधी वर्षं पृथ्वीवर आदळतायत. व्हिडिओत दाखवलेली ती नटराजाची मूर्ती गूढबिढ काही नाही, 2004 मध्ये भारताने भेट दिलीये. आणि आठवणींचा हा घोळ केंब्रिजच्या बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्येच पुस्तकात लिहून ठेवलाय, लोकांना एक परकी गोष्ट वाचायला दिली तर परत सांगताना ते त्यातल्या कॅनूची साधी होडी करून टाकत. तेव्हा कुठलं होतं सर्न?

मला सगळ्यात न कळलेलं हे की विश्व बदललं तेव्हा लायब्रऱ्या बदलल्या, फिल्मची रिळं बदलली, माळ्यावरच्या ट्रंकेतली पुस्तकं बदलली, फक्त तुमच्या डोक्यातल्या पेशी तेवढ्या राहिल्या? त्या काय वेगळ्या मटेरियलच्या आहेत? आणि एकदा कागद बदलतो पण डोकं बदलत नाही असं धरलं की तुम्हाला चूक दाखवायची सोयच उरत नाही, जो पुरावा आणावा तो "बघ, हा पण बदलला".

आता मावसभावाचं. आम्ही चार भावंडं शपथेवर सांगायचो की कोकणात आजोळी ओटीवर झोपाळा होता. कड्यांची करकर आठवते, एका बाजूची कडी वाकडी होती तेही आठवते, चौघांनाही. परवा माझ्या मुंजीचे 1993 चे फोटो काढले, त्यात अख्खी ओटी दिसते, भिंतीला टेकवलेलं बाकडं, त्यावर तांब्या, आणि आढ्याला साधी कडी पण नाही. मी तो फोटो भावाला पाठवला तर पठ्ठ्या म्हणतो, हेच, हेच मी म्हणत होतो, आपण दुसरीकडे आलोय. शेवटी मावशीला फोन लावला, स्पीकरवर. मावशी म्हणाली, "अरे मेल्यांनो, झोपाळा आपल्याकडे कधी होता? तो पलीकडे खोतांच्या ओटीवर. दुपारी जेवून तिकडेच पडीक असायचात सगळे. आणि तू रे, त्याच झोपाळ्यावरनं तोंडावर पडलास, हनुवटीला तीन टाके पडले, मीच नेलं होतं डॉक्टरकडे."

फोनवर दोन मिनिटं शांतता. व्रण अजून आहे मावसभावाच्या हनुवटीवर, दाढी करताना रोज दिसतो. व्हिडिओ मात्र अजून ग्रुपवरून काढलेला नाहीये.